संग्रहालयातलं कोरं लुगडं

"एवढ्या उन्हाचं चालवत आनलंस ते हे बघाया?" माझ्या अगदी कानाशी कोणीतरी कुरकुरलं. "असला होडीचा नांगर तर आपल्या अंगनात पडलाय. कोंबडी बसते त्याच्यावर."

"हा जुना हाय," तिचा नवरा म्हणाला.

"आपला काय काल आनला? तुझ्या आज्याचा हाय तो. याच्यावर चिठ्ठी हाय आन् आपल्यावर कोंबडी हाय, एवढाच फरक. घरी जाऊन एक चिठ्ठी चिकटव, म्हंजे मी पन हात मागं बांधून बघत उभी ऱ्हाईन."

नवऱ्याने हात मागे बांधलेले होते. ते त्याने हळूच सोडले.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली होती दोघं. किल्ल्यापासून इथवर चालत आलेली, तिच्या पायावर धूळ होती. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "पानी कुठं मिळंल गो बाय?" मी कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणाकडे बोट केलं. ती गेली, आत डोकावली आणि तशीच परत आली. "तो पन बघायचाच हाय," म्हणाली. "प्यायचा नाय."

मला हसू आलं, पण हसायलाही अंगात थोडं बळ लागतं. आम्ही तिघी देवळातली सकाळची मिस्सा सुटल्यापासून उभ्या होतो. मी, माझी मोठी बहीण आग्नेस, जिला मी बाय म्हणते, आणि तिची थोरली लेक लुईझा. बायचे गुडघे गेलेले. लुईझा रात्री उशिरापर्यंत सहामाहीचे पेपर तपासून आलेली. डोळे असे की देवळात फादरांनी प्रवचन जरा लांबवलं असतं तर ती तिथंच झोपली असती. आणि खोलीत खुर्च्या भरपूर होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर एकेक चिठ्ठी चिकटवलेली. 'जुन्या घडणीची खुर्ची. बसू नये.' म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं आणि बसायच्या सगळ्या वस्तूंचा इतिहास करून ठेवायचा, हे फक्त वॉल्टर मास्तरच करू जाणे.

वॉल्टर मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. पेन्शनीत निघाले तरी त्यांचा तास काही सुटला नव्हता. चर्चच्या मागे एक लांबोडकी खोली आहे, पूर्वी तिथं सणाच्या मांडवाचे बांबू आणि मोडकी बाकं ठेवत. ती त्यांनी फादरांकडून मागून घेतली, चुना काढला आणि गावोगाव सायकलवरून फिरून लोकांच्या माळ्यावरचं, गोठ्यातलं, विहिरीकाठचं सामान गोळा केलं. दारावर पाटी लावली, 'वसई स्थानिक इतिहास संग्रहालय'. ते नाव म्हणायला दम लागतो म्हणून सगळे मुझियम म्हणतात. आज त्याचा पहिला रविवार. नाताळाआधीच्या आगमनकाळाचाही पहिला रविवार.

तोफेचे गंजलेले गोळे होते. हिरवी पडलेली नाणी होती. किल्ल्यातल्या कुठल्याशा दगडाचा तुकडा होता, त्यावर अर्धा सिंह किंवा अर्धा कुत्रा कोरलेला. त्याच्यासमोर दोन पुरुष हळू आवाजात म्हणत होते, की तिकडे गोव्यात यंदा सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि मास्तर इथं पोर्तुगीजांचे दगड पुसत बसलेत. मास्तरांनी ते ऐकलं. म्हणाले, "दगडाने कुणावर गोळी झाडली नाही. दगड वसईचाच आहे, कोरणारा हातही वसईचाच असणार." आणि मग त्यांनी त्या दोघांना इतका वेळ समजावलं, की गोवा परवडला असं त्यांना वाटलं असेल.

पण आम्ही गोळे बघायला आलो नव्हतो. आम्ही लुगडं बघायला आलो होतो.

ते लुगडं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत बायचा नवरा पास्कल टायफॉइडने गेला. पदरात तीन मुलं. लुईझा नुकती ट्रेनिंग करून मास्तरीण झालेली, फ्रान्सिस शाळेत, आणि रिटा एवढीशी. वाडी होती, पण वाडी विहिरीवर चालते आणि विहीर माणसावर; माणूसच नाही म्हटल्यावर पानवेली सुकल्या. घर लुईझाच्या पगारावर उभं राहिलं. त्यात वाईट काय? काही नाही. सगळ्या वसईने तिचं कौतुक केलं. कौतुक फुकट असतं, तेव्हा लोक ते सढळ हाताने करतात.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी लुईझाचं लग्न ठरलं. मुलगा सिप्रियन, रेल्वेच्या कचेरीत कारकून, बोलायला कमी आणि हसायला पुढे. कापड तेव्हा रेशनच्या कुपनावर मिळायचं. नवरीचं नऊवार लुगडं, लाल चौकड्यांचं, रुंद रेशमी काठाचं, ते एका घराच्या कुपनांत कसं बसणार? मग आमच्याकडे त्या दिवसांत जे करत तेच केलं: भावकीने आणि शेजाऱ्यांनी आपापली कुपनं दिली. त्या वर्षी आमच्या आळीत कोणी नवं कापड शिवलं नाही. लुगडं आलं तेव्हा ते बघायला सगळी आळी लोटली, कारण त्यात प्रत्येकाचा हात-दोन हात वाटा होता.

मग फ्रान्सिसची मॅट्रिक आली. बाय म्हणाली, "एवढं वर्ष जाऊ दे." सिप्रियनच्या घरचे बरं म्हणाले. मॅट्रिकमागून फ्रान्सिसचं कॉलेज आलं, आणि मग तो नोकरीपायी शहरात राहायला गेला. मग रिटाचं लग्न. रिटाने त्या लुगड्याला नुसता हात लावला तर बाय ओरडली, "ते लुईझाचं आहे!" रिटा शेवटी पांढरा झगा घालून, डोक्यावर जाळी घेऊन नवरी झाली. हल्ली सगळ्याच पोरी तशा होतात. सिप्रियन तोवर थांबून थांबून दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला होता. कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही. फक्त घरात एक वाक्य तयार झालं: "लुईझाला लग्नाची हौसच नाही." पहिल्यांदा ते कोण म्हणालं देव जाणे. फ्रान्सिस म्हणायचा, रिटा म्हणायची, मी म्हणायचे, बाय तर दर सणाला म्हणायची. आणि लुईझा जवळ असली तर हातातलं काम न थांबवता म्हणायची, "हो ना." लुगड्याची खळ पेटीत तशीच राहिली, वाक्य मात्र वापरून वापरून मऊ झालं.

आणि मग यंदा मोतमाऊलीच्या जत्रेत उमेळ्याचा सेबेस्टियन मला बाजूला घेऊन बोलला.

सेबेस्टियन केळीवाला बागाईतदार. बायको जाऊन काही वर्षं झाली. एक मुलगी आहे, विनी, लुईझाच्याच वर्गात. माणूस सरळ. मेणबत्त्यांच्या दुकानापाशी, हातात टोपी धरून म्हणाला, "मावशी, मास्तरीणबाईंना विचाराल का? नाही म्हणाल्या तरी मी विनीची शाळा बदलणार नाही, तेही सांगा." मला त्याचं हे दुसरं वाक्यच जास्त आवडलं.

मी लुईझाला विचारलं. ती फळा पुसत होती. पुसून झालेला फळा ती पुन्हा पुसायला लागली. मग म्हणाली, "मावशी, आगमनाच्या पहिल्या रविवारी सांगते. तोवर आयला बोलू नको. मीच सांगेन." आगमनकाळात लग्नं लागत नाहीत. नाताळ झाला की नावं देवळात तीन रविवार पुकारतात आणि मग मांडव पडतात. म्हणजे आज ती हो म्हणाली तर जानेवारीत लग्न. नाही म्हणाली, तर वयाच्या या टप्प्यावर पुन्हा कोणी टोपी हातात धरून उभं राहील असं मला वाटत नव्हतं. तिलाही नसणार.

मी बायला बोलले नाही. लुईझाही बोलली नाही. पण गेल्या महिन्यात उमेळ्याहून बायच्या घरी केळीचा एक घड आला. कोणी मागवला नव्हता. बायने एक केळं सोललं, खाल्लं, साल उंबऱ्याबाहेर टाकली आणि म्हणाली, "गोड आहेत." बस. आणि परवा गुरुवारी, लुईझा शाळेत असताना, तिनं पेटी उघडून लुगडं काढलं, टांगा केला आणि ते वॉल्टर मास्तरांना नेऊन दिलं.

आमच्या घरात कोणी काही बोलत नाही. आम्ही केळी पाठवतो, लुगडी देऊन टाकतो आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं.

लुईझा संध्याकाळी घरी आली तेव्हा मी तिथंच होते. बाय म्हणाली, "लुगडं दिलं मी मुझियमला. पेटीत कुजत होतं." लुईझा म्हणाली, "बरं केलंस." चप्पल काढली आणि पेपर घेऊन बसली. मला वाटलं, आता हिचं उत्तर काय येणार ते मला कळलं. म्हणून आज मी तिला काही विचारलंच नव्हतं. तीही काही बोलली नव्हती. आम्ही दोघी बायच्या दोन बाजूंनी तिचे दंड धरून, एका गोळ्यापासून दुसऱ्या गोळ्यापर्यंत चालत होतो.

"किती आहे अजून?" बाय म्हणाली.

"तू आणलंस आम्हाला," मी म्हटलं.

"लुईझाने बघायला हवं ना. सगळे बघणार आणि घरच्यांनीच बघायचं नाही?"

लुईझा एका भिंतीपाशी थांबली होती. तिथं बांबूच्या कामट्यांची एक मोठी चटई टांगलेली. सुकेळी करताना सोललेली केळी ज्यावर उन्हात घालतात, तसली. वसईत घरटी एक तरी असेल. खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'केळी सुकविण्याची चटई. उमेळे. श्री. सेबेस्टियन लोपीस यांजकडून.' लुईझाने ती चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मुलांना एका नजरेत पानभर वाचायला शिकवणारी बाई ती.

"चटईत काय बघतेस एवढं?" बायने विचारलं.

"विणकाम," लुईझा म्हणाली.

"घरी आहे की आपल्याकडे."

"हो. आपल्याकडची फाटलीय."

 बायचा दंड माझ्या हातात एकदम जड झाला.

लुगडं खोलीच्या टोकाला होतं, खिडकीपाशी, चांगल्या उजेडात. मास्तरांनी सुताराकडून एक लाकडी बाई करून घेतली होती. डोकं नाही, हात नाहीत, नुसते खांदे, कंबर आणि दोन पाय. तिला ते नेसवलेलं. नेसवलं होतं बायनेच, गुरुवारी, एकटीने. आमच्या घरात नवरीला लुगडं नेसवायचा मान मावशीचा. मला माझ्या मावशीने नेसवलं, बायलाही तिनेच. रिटाच्या वेळी झगा आला, त्याला मागे बटणं, त्यात माझं काय काम? एक लुईझाचं लुगडं माझ्या वाट्याचं होतं, ते लाकडाला नेसवून झालं. मी त्याबद्दल कुरकुर केली नाही, निदान मोठ्याने नाही.

छान दिसत होतं, खोटं का बोलू. लाल रंग पेटीतल्या अंधारात अजिबात उतरला नव्हता. पण कोरं कापड अंगाला बसत नाही. खळीने निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि घड्यांच्या रेघा मांडीवर, पोटावर, छातीवर आडव्या-उभ्या स्पष्ट. बाईमाणसाला दुरूनसुद्धा कळावं की हे एकदाही पाण्यात गेलेलं नाही. चिठ्ठीवर मात्र लिहिलेलं: 'वसईतील ख्रिस्ती नववधूचे लग्नातील लुगडे. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे.'

मी बायकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"शंभर?" मी कुजबुजले.

"सासूचं म्हणून सांगितलं मी," बाय तशीच बाहेर बघत म्हणाली. "तू गप."

मी गप बसले असते. पण सालोमी आली.

सालोमी आमच्या आळीतली, बायच्या बरोबरीची, आवाज असा की तिनं घरात माळ जपली तर पलीकडच्या वाडीत आमेन म्हणावं. ती चिठ्ठीशी वाकली, एकेक अक्षर लावत वाचलं आणि सरळ उभी राहिली.

"अगो आग्नेस, हे शंभर वर्षांचं?"

"मास्तरांनी लिहिलंय," बाय म्हणाली.

"मग यात माझं कुपन कसं गेलं गो?"

"सालोमी, हळू बोल. मुझियम आहे."

"मुझियम आहे, मिस्सा नाही चालू. या लुगड्यापायी माझ्या नवऱ्याने त्या वर्षी ईस्टरला जुनीच पँट उलटवून शिवून घातली. खिसा उजवीकडचा डावीकडे गेला. अजून तो सुट्टे पैसे काढायला भलत्याच बाजूला हात घालतो. आणि तू म्हणतेस शंभर वर्षं? मी काय शंभर वर्षांची आहे?"

पाचूबंदरची ती बाई आणि तिचा नवरा एव्हाना आमच्यामागे येऊन उभे होते. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी बघण्याजोगं सापडल्याचा आनंद होता.

वॉल्टर मास्तर आले. कानावर पेन्सिल, हातात फडकं. "काय झालं? काही चुकलं का?"

"काही नाही," बाय म्हणाली.

"शंभर वर्षं चुकली," सालोमी म्हणाली.

मास्तरांनी चष्मा वर केला. "पण आग्नेसबाय, तुम्हीच म्हणालात, सासूबाईंचं."

"सासूचं पण असंच होतं," बाय म्हणाली.

सालोमी फस्सकन हसली. मीही हसले असते, पण मी लुईझाकडे पाहिलं. ती लाकडी बाईपुढे उभी होती. गुरुवारपासून, नाही, किती वर्षांपासून, ते लुगडं तिनं उलगडलेलं पाहिलंच नव्हतं. पेटीच्या तळाशी लाल चौकोनी घडी, तेवढीच तिची ओळख. ते असं उभं, कोणाच्या तरी मापाचं झालेलं, ती आज पहिल्यांदा पाहत होती. तिनं काठाला हात लावला, मग निऱ्यांना.

"मास्तर," ती म्हणाली, "चिठ्ठी बदला. हे माझ्या आजीचं नाही. माझ्यासाठी घेतलं होतं."

वर्गात 'वह्या काढा' म्हणावं तसं म्हणाली. मास्तरांना वाईट वाटलं असावं, पण चुकीची चिठ्ठी भिंतीवर राहू देणं त्यांना त्याहून वाईट वाटत असावं. त्यांनी चिठ्ठी काढली, उलटी केली, खिडकीच्या लाकडावर ठेवली आणि कानावरची पेन्सिल घेतली.

"असं. मग साल?"

"लढाई संपली त्याच्या पुढचं," सालोमी म्हणाली. "कुपनांचं."

"लिहितो. म्हणजे नऊ-दहाच वर्षं झाली. हरकत नाही, तोही इतिहासच. वधूचं नाव लुईझा. आणि लग्न कुठल्या महिन्यात—" मास्तर थांबले. त्यांना आठवलं, की लुईझाच्या लग्नात आपण जेवलो नाही. "म्हणजे... नेसलं नाही का कोणी?"

"नाही."

"का?"

चाळीस वर्षं मुलांना 'का' विचारण्यात गेली की जिभेला तेच वळण पडतं. विचारून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला होता. सालोमीसुद्धा एकाएकी तोफेच्या गोळ्यांकडे बघायला लागली. मी पदराने मान पुसली. आमच्या आळीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणालाच ठाऊक नव्हती.

पण पाचूबंदर म्हणजे आमची आळी नव्हे.

"का गो?" त्या बाईने मायेनेच विचारलं. "नवरा दर्यात गेला का?"

"नाही," लुईझा म्हणाली. "आहे जिवंत. त्याला मुलं आहेत."

"मंग?"

"चल गो, घरी," तिचा नवरा म्हणाला.

"थांब रे, नांगर बघताना नाय घाई केलीस. मंग काय झालं गो बाय?"

आता सगळे बायकडे पाहत होते. हे उत्तर द्यायचं काम कायम तिचंच. तिनं माझा हात सोडला, पदर नीट केला आणि सवयीने सुरुवात केली.

"लुईझाला लग्नाची हौसच—"

इथं लुईझाने 'हो ना' म्हणायचं असतं. बाय तिच्यासाठी जागा ठेवून थांबली. मी पण थांबले. बाहेर कोणाच्यातरी सायकलची घंटी वाजली आणि दूर गेली.

लुईझा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती त्या लाकडी बाईपुढे गुडघ्यावर बसली होती आणि निऱ्या सरळ करत होती. एक सरळ केली की खळीमुळे दुसरी उसळत होती. ती जरा वेळ दोन्ही हातांनी निऱ्या दाबून धरी, मग सोडून बघे, पुन्हा धरी. या हातांना शाळेची पाचवारी रोज नेसता येते, घाईच्या घाईत, टाचणीसुद्धा न लावता. नवरीच्या निऱ्या कशा धरतात ते त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. मी पुढे व्हायला हवं होतं. पण बाय त्या हातांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पाहून माझे पाय उचललेच नाहीत.

"असू दे गो, राहू दे," बाय म्हणाली.

"वाकडं दिसतंय, आय," लुईझा वर न बघता म्हणाली. "सगळे बघणार. वाकडं कशाला?"

बाय मागे सरली आणि तिथल्या खुर्चीवर बसली. 'बसू नये' लिहिलेल्या खुर्चीवर. मास्तरांनी त्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. बाय बसल्यावर किती थकली होती ते दिसलं. नुसती आजच्या उन्हाने नव्हे. एकच एक वाक्य इतकी वर्षं पेलून माणूस थकतं, तसं.

"आग्नेसबाय," मास्तर हळूच म्हणाले, "राहू दे. मी नुसतं नाव आणि साल लिहितो. बाकीचं काय करायचंय लोकांना?"

"नको," बाय म्हणाली.

"बाय, घरी जाऊन बोलू," मी म्हटलं.

"घरी आपण कधी बोललो?"

लुईझाचे हात निऱ्यांवर थांबले.

"लिहा, मास्तर," बाय म्हणाली, आणि ती मास्तरांकडे नाही, लुईझाच्या पाठीकडे बघून बोलत होती. "हौस होती तिला. मीच होऊ दिलं नाही. तिच्या पगारावर घर चालत होतं, म्हणून एकेक वर्ष पुढे ढकलत नेलं. आता उमेळ्याचा सेबेस्टियन विचारतोय, आणि ती गेली तर मी एकटी पडेन, म्हणून मी हे इथं आणून लाकडाला नेसवलं."